दोन्ही टोकांना कुंकू

औंढ्याला माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ असं लिहिलेलं होतं, तरी लोक मला वायरमनच म्हणायचे. गावातली लाईट गेली की फोन मला. मी सांगायचो, बाबा, मी खांबावर चढणारा नाही, मी गाडीखाली झोपणारा आहे. समोरचा म्हणायचा, बरं बरं, पण लाईट कधी येईल ते सांगा. शेवटी शेवटी मी ‘अर्ध्या तासात’ असं ठोकून द्यायला लागलो. बऱ्याचदा ते खरं निघायचं, त्यामुळं गावात माझी किंमत वाढली.

आमचा आजा पाठीवर माल लादलेले बैल हाकायचा. बाप तांड्यावर, म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या वस्तीवर, शेती करायचा. मी हिंगोलीला एका उस्तादाच्या हाताखाली गाड्यांची वायरिंग शिकलो आणि औंढ्यात बसस्टँडच्या पुढं दुकान टाकलं. उस्ताद आता हयात नाहीत. ते शिकवायचे कमी, शिव्या जास्त द्यायचे, पण दोन गोष्टी त्यांनी डोक्यात ठोकून बसवल्या. पहिली, “गाडी झूट नै बोलती, मिस्तरी बोलता.” दुसरी, “जो माल एक बार जल गया, उसका भरोसा नै.” या दोन्ही गोष्टी मी एकाच आठवड्यात मोडल्या. त्याचंच हे लिहिणं आहे, पण आधी धंदा थोडा समजावून सांगावा लागेल.

पेट्रोलच्या गाडीला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. पहिल्या दोन फिटरच्या, तिसरी माझी. आमच्या लाइनीत ठिणगीला करंट म्हणतात. गाडी बंद पडली की पहिला प्रश्न हाच, प्लगला करंट येऊन राहिला का? जुन्या गाडीत हा करंट पॉइंटमुळं यायचा. पॉइंट म्हणजे दोन बारीक टिकल्या. इंजिन फिरतं तशा त्या एकमेकींना चिकटतात आणि सुटतात. सुटल्या की कॉइलमध्ये झटका बसतो आणि प्लगवर ठिणगी पडते. हे मिनिटाला हजार वेळा. मग टिकल्या जळणार, काळ्या पडणार, त्यांच्यात खड्डे पडणार. महिन्या-दोन महिन्यांनी पॉलिश पेपरनं घासायच्या, मधली फट बराबर करायची. माझ्या पहिल्या पंधरा वर्षांतलं निम्मं आयुष्य पॉइंट घासण्यात गेलं.

नंतर इलेक्ट्रॉनिक आलं. टिकल्या गेल्या, त्यांच्या जागी एक लहान चुंबक आणि ते ओळखणारा डोळा आला. चुंबक समोरून गेलं की डोळा निरोप देतो आणि झटका द्यायचं काम ट्रान्झिस्टर करतो. घासायला काही नाही, जळायला काही नाही. माझ्या पोटावर पाय आला म्हणा, पण चीज चांगली होती. चांगल्याला वाईट म्हणायची मला खोड नाही.

गंमत अशी की नवं सगळं बारा व्होल्टवर चालणारं आणि जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या. लोकांना वाटतं, सहा म्हणजे बाराच्या निम्मं, मग कामही निम्मं होत असेल. तसं नाही. बाराच्या गाडीत एखाद्या गंजलेल्या जोडामध्ये अर्धा व्होल्ट गेला तर तिला कळतही नाही. सहाच्या गाडीत तेवढा गेला की हेडलाईट पिवळी पडते आणि ठिणगी मरगळते. शिवाय तेवढंच काम करायला सहाच्या वायरीतून दुप्पट अँपिअर जातात, म्हणून जोडात वाया जातं तेही जास्त. बाजारातली तयार इलेक्ट्रॉनिक डबी सहाच्या गाडीला लावली की ती झोपून राहते. पूर्ण गाडी बारावर न्यायची तर बल्ब, हॉर्न, डायनामो सगळंच बदला. म्हणून मी माझी डबी घरी जोडायला लागलो. चार-साडेचार व्होल्टवरसुद्धा जागी राहील अशी. दिसायला ती साबणाची डबी होती, कारण ती साबणाचीच डबी होती. प्रवासात नेतात तसली, झाकणाची. आत सगळं जोडून वरून रेझिन ओतायचं.

अशा डब्या मी फार नाही, पंधरा-वीस केल्या असतील. जवळा बाजार गावचे एक रिटायर कंपाउंडर होते, त्यांच्याकडं जुनी मोटरसायकल होती. बाजारच्या दिवशी तिच्यावर बसून बाजारभर हिंडायचे, घ्यायचं काही नाही. त्यांची अट अशी की नवं काही डोळ्याला दिसता कामा नये. मी डबी टूलबॉक्सच्या आत लपवली. वर्षभरानं ते चार माणसांत सांगत होते, पाहा, वर्ष झालं पॉइंट घासला नाही, जुन्या मालाची गोष्टच वेगळी. पॉइंट त्या गाडीत नव्हताच. मी मान हलवली. गिऱ्हाइकाचा आनंद मोडू नये. न बोलून कधी कोणाचं नुकसान होत नाही, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

आता खंदारे मॅडमची गोष्ट. त्यांना विचारूनच लिहून राहिलो आहे. त्या म्हणाल्या, लिहा, पण शुद्धलेखन मी तपासणार. त्या आमच्याच तांड्यावरच्या शाळेत मास्तरीण होत्या. राहायला औंढ्यात, शाळा सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला, नऊ-दहा किलोमीटर. लहानपणी पोलिओ झालेला, उजवा पाय बारीक, त्यात जोर नाही. गाडी जुनी स्कूटर, सहा व्होल्टची. ती बनवणारी कंपनीही आता उरलेली नाही. त्यांचे वडील वेल्डर होते. त्यांनी स्कूटरला दोन बाजूंना दोन चाकं बसवली, पायाचा ब्रेक हाताशी आणला आणि किकच्या दांड्याला एक लांब लोखंडी दांडा जोडला. सीटवर बसल्या बसल्या तो हातानं वर ओढला की किक बसायची.

लोक विचारायचे, मॅडम, नवी सेल्फवाली घ्या ना, बटन दाबलं की चालू. घेतली होती. त्या गाडीला तयार मिळणारी बाजूची चाकं चार बोटं जास्त रुंद निघाली आणि ती गाडी त्यांच्या गल्लीत शिरेना. शेजाऱ्याची भिंत एकीकडं, नाली दुसरीकडं. वडिलांनी चाकं बसवली ती गल्ली मोजून बसवलेली. नवी गाडी विकली, जुनी राहिली.

अडचण एकच होती. हातानं ओढलेल्या किकेला पायाच्या किकेएवढा जोर नसतो. त्यात सहा व्होल्टचा करंट, त्यात जळका पॉइंट. आठ-दहा वेळा ओढून हात भरून यायचा आणि मग रस्त्यानं जाणाऱ्या कोणाला तरी म्हणावं लागायचं, “भाऊ, जरा किक मारता का?” पहिल्या दिवशी मॅडम माझ्या दुकानात आल्या तेव्हा मी सवयीनं विचारलं, काय तकलीफ आहे गाडीची? त्या म्हणाल्या, “गाडीची तकलीफ काही न्हाई. मला ते एक वाक्य बोलावं लागतं. ते बंद करून द्या.” वीस-पंचवीस वर्षं त्या ते वाक्य बोलत आल्या होत्या. कोणी मारायचं, कोणी आधी विचारायचं, एकट्याच काहून जाता, घरचं कोणी न्हाई का. एक जण तर रोज आपणहून थांबायचा आणि किक मारल्यावर पाच मिनिटं उपदेश करायचा.

त्यांची स्कूटर उघडली तर ती उलट्या अर्थिंगची निघाली. हेही सांगावं लागेल. आमच्यात बॅटरीची प्लसची वायर म्हणजे गरम, आणि मायनस बॉडीला. लाल गरम, काळी बॉडी, हे आमच्या हाताला पाठ असतं, डोक्याला विचारायचं काम नाही. पण काही फार जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो आणि मायनस गरम. त्या काळी तसंच बराबर समजत. बल्बला आणि हॉर्नला त्यानं काही फरक पडत नाही. ट्रान्झिस्टरला पडतो. त्याला उलटी बॅटरी लागली की तो जातो, आणि जाताना सांगतही नाही.

यावर उपाय असतो. डबीत जाणाऱ्या वायरीत एक डायोड टाकायचा. तो एकाच बाजूनं वाट देतो, उलटं आलं की अडवतो. बाराच्या गाडीत मी डोळे झाकून टाकतो. पण डायोड आपल्यासाठी पाऊण व्होल्ट खातो. सहामधून पाऊण गेला, सकाळी बॅटरी थंड असली की अजून अर्धा गेला, मग मॅडमच्या हाताच्या किकेला उरलं काय? मला पहिल्या ओढीला गाडी चालू करायची होती. खरं सांगायचं तर मला मॅडमपेक्षा जास्त ती हौस होती. डायोड गाळला. त्याऐवजी बॉडीला जाणाऱ्या वायरीच्या टोकाला आणि बॅटरीच्या प्लसला ऑइलपेंटचा एक-एक लाल ठिपका दिला. दोन्ही वायरी जुन्या, काळ्या पडलेल्या, त्यामुळं खूण लागतच होती. लालला लाल लावायचं, चुकायचं कारणच नाही, असं मी मला सांगितलं.

गाडी पहिल्याच ओढीला चालू झाली. मॅडमनं बंद केली, परत ओढली. परत चालू. असं चार-पाच वेळा करून त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुकानापुढं थांबल्या, हॉर्न वाजवला आणि म्हणाल्या की आज उपदेश करणारा रस्त्यात उभा होता, त्याला हात करून पुढं गेले. मला तेव्हा फार बरं वाटलं. आमच्या कामात कौतुक कमीच, गाडी चालू असली की माणूस आठवत नाही.

वर्ष सव्वा वर्ष हे असं चाललं. त्या वाक्याचं काम पडलं नाही.

मग तो दसरा आला. मॅडम दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीला जातात. त्या वर्षी जाताना त्यांनी स्कूटर माझ्याकडं ठेवली, चार दिवस आहेत तर नीट पाहून ठेवा म्हणाल्या. मी बॅटरी काढून चार्जिंगला लावली. स्कूटर दुकानात उभी, साईडचं झाकण उघडं, दोन वायरींची टोकं बाहेर लोंबत होती.

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा असते. ती आमची घरची, शांता, करते, आणि ती कोणाला वगळत नाही. पाने, पकडी, टेस्टर, चार्जर, हवा भरायची नळी, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. रांगेत ठेवलेल्या प्रत्येक बॅटरीच्या दोन्ही टोकांना कुंकू. मॅडमची स्कूटर पाहून तिनं हँडलला कुंकू लावलं, सीटवर फूल ठेवलं आणि लोंबणाऱ्या दोन्ही वायरींच्या टोकांनाही प्रेमानं एक-एक बोट लावलं. चांगलं ओलं कुंकू, वाळल्यावर घट्ट बसणारं. मी तिथंच उभा होतो. नारळ फोडून राहिलो होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मॅडम बसमधून उतरून थेट दुकानात आल्या, हातात बॅग. शाळेला उशीर होत होता. मी बॅटरी उचलून बसवली. वायरी पाहिल्या तर दोन्ही टोकं लाल. बॅटरीची प्लस-मायनस मला माहीत होती, ते तर चार्जिंगलाच पाहावं लागतं. कोणती वायर बॉडीला जाते तेही समोर दिसत होतं. एवढं सगळं समोर असताना माझ्या हातानं अडतीस वर्षांच्या सवयीनं बॉडीची वायर मायनसला लावली आणि बोल्ट आवळले. हॉर्न दाबून पाहिला, वाजला. लाईट लावली, लागली. त्यांना उलटं-सुलटं कळत नाही, हे वर लिहिलंच आहे. चावी लावून दांडा ओढला. काही नाही. परत ओढला. मग एक बारीक वास आला.

मी लगेच चावी काढली. डबीला हात लावला, गरम होती. वायरी बदलल्या, परत ओढलं, आणि दुसऱ्या ओढीला गाडी चालू झाली.

त्या वेळी मॅडम दुकानाच्या दारात बाकड्यावर बसून पाणी पीत होत्या. मला वाटलं, त्यांना एवढंच दिसलं की भाऊनं दोन-चार वेळा खटपट केली आणि गाडी चालू झाली. आता मी त्यांना सांगायला पाहिजे होतं की मॅडम, डबी भाजली आहे, ती ठेवून जा, दोन-तीन दिवसांत नवी करून देतो, तोवर मी शाळेत सोडतो. दुसरी डबी तयार नव्हती हे खरं. त्यांना घाई होती हेही खरं. पण मी बोललो नाही त्याचं कारण ते नव्हतं. बोललो असतो तर कशी भाजली तेही सांगावं लागलं असतं, आणि औंढा तालुक्यात सहा व्होल्टचा एकच जाणकार, तो बॅटरी उलटी लावतो, हे माझ्या तोंडून निघेना. गाडी चालू होती. मी म्हणालो, या मॅडम, झालं.

डबी चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी सकाळी सिद्धेश्वरच्या रस्त्याला, तांडा तीन किलोमीटर राहिला असताना, इंजिन तापलं आणि गाडी बंद पडली. ती चालू होणारच नव्हती, किक कोणीही मारू द्या. त्या भागात रेंज नसते. ऑक्टोबरचं ऊन. मॅडम जवळजवळ दोन तास स्कूटरवर बसून होत्या. शाळा दोन शिक्षकांची, दुसरे गुरुजी त्या दिवशी रजेवर, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. लेकरं कुलपापुढं बसून कंटाळली आणि घरी गेली. आणि नेमके त्याच दिवशी वरून एक साहेब शाळा पाहायला आले. कुलूप पाहिलं, फोटो काढला, निघाले. वाटेत त्यांना मॅडम दिसल्या. साहेबांनी गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हणाले की मॅडम, झेपत नसेल तर गावातली शाळा मागून घ्या, सरकार तुमच्यासारख्यांचा विचार करतं. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्यांच्या पायावरून वरचं कोणी बोललं नव्हतं. ते त्या दिवशी ऐकावं लागलं.

दुपारी त्या माझ्या दुकानाशी आल्या त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ट्रॉलीत स्कूटर आणि स्कूटरवर मॅडम, खाली उतरल्याच नव्हत्या. चार माणसांनी स्कूटर उतरवली, त्यांच्यासकट. मी डबी काढून नाकाशी धरली. उघडायची गरजच नव्हती.

“काय झालं, भाऊ?” त्यांनी विचारलं.

“माल खराब निघाला, मॅडम. आतला पार्टच कमजोर आला होता.”

त्यांनी माझ्या हातातल्या डबीकडं पाहिलं. मग बरं म्हणाल्या.

नवी डबी करायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी माझ्या मोटरसायकलवर त्यांना शाळेत नेलं आणि आणलं. तांड्यावर लोकांना वाटलं, राठोडाचं पोरगं म्हातारपणी सुधारलं. मी मनातल्या मनात जाताना ठरवायचो की येताना सांगू आणि येताना ठरवायचो की उद्या सांगू. माणूस किती सहज लबाड होतो पाहा. त्यासाठी काही मोठं करावं लागत नाही.

आठवड्यानं त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या की गाडीच्या बिघाडाचं एक पत्र द्या, उत्तराला जोडता येईल. मी दुकानाच्या कागदावर चांगल्या अक्षरात लिहिलं: दाखला देतो की, सदर गाडीमध्ये बसवलेला पार्ट सदोष निघाल्यामुळे गाडी अचानक बंद पडली. खाली सही, शिक्का. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

“हे असंच झालं ना, भाऊ?”

“व्हय.”

त्यांनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. पुढं कळलं की त्यांना लेखी ताकीद मिळाली. मला नवल वाटलं. दाखला असून ताकीद कशी दिली, म्हणून मी साहेबालाच दोन शिव्या घातल्या. स्वतःला सोडून सगळ्यांवर राग काढायला मला तेव्हा छान जमत होतं.

यानंतर तीन वर्षं गेली. नव्या डबीनं काही त्रास दिला नाही. मॅडम यायच्या, हवा, पाणी, बल्ब, एवढंच काम. माझे डोळे गेले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक जोड दिसेनात, हातही हलायला लागला. मागच्या वर्षी दुकान बंद करायचं ठरवलं. ते कळल्यावर मॅडम आल्या. त्यांच्याही नोकरीचे थोडेच महिने राहिले होते. म्हणाल्या, तुमच्यामागं ही डबी कोण करणार? एक जादा करून ठेवा.

ती माझी शेवटची डबी. दोन आठवडे लागले, भिंग लावून जोडली. या वेळी मी तिच्यात डायोड टाकला, पण वाटेत नाही, दोन वायरींच्या मधे आडवा टाकला, आणि वायरीत एक फ्यूज. बॅटरी सुलटी असली की आडवा डायोड गप्प बसतो, एक थेंबही खात नाही. उलटी लागली की तो सगळा भार आपल्यावर घेतो, फ्यूज उडतो आणि डबी वाचते. फ्यूज बदलला की काम झालं. हा काही मी लावलेला शोध नाही. हे मला तीस वर्षांपासून माहीत होतं. दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या रेडिओला मी असाच लावून द्यायचो. मॅडमच्या गाडीच्या वेळी सुचलं नाही, कारण लाल ठिपका देऊन मी स्वतःवर खूश होतो.

मॅडम डबी न्यायला आल्या तेव्हा दुकान निम्मं रिकामं झालं होतं. शांता आत सामान बांधत होती. मी डबी त्यांच्या हातात दिली, फ्यूज दाखवला, समजावलं की कोणी चुकून उलटी बॅटरी लावली तरी आता फक्त हा जाईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शिक्षिकाच त्या.

“हा पहिल्या डबीत काहून नव्हता?”

मी बाकड्यावर बसलो. म्हणालो, “मॅडम, पार्ट खराब नव्हता. बॅटरी मी उलटी लावली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मला त्याच वेळी कळलं होतं.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

आत शांताचा सामान बांधायचा आवाज थांबला.

मॅडमनं सांगितलं की त्या दिवशी रस्त्यावर दोन तास बसून करायचं काय, म्हणून त्यांनी साईडचं झाकण काढून पाहिलं होतं. लाल ठिपक्याची खूण त्यांना माहीत होती, मीच दाखवली होती. पाहतात तर दोन्ही टोकं लाल, नखानं खरवडलं तर कुंकू. त्यांच्या घरात कुंकू नसतं, म्हणजे ते माझ्या दुकानातलंच. मग त्यांना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची माझी खटपट आठवली, मी वायरी काढून परत लावल्या होत्या ती. वेल्डरची लेक, प्लस-मायनस तिला शिकवावं लागत नाही. दुकानात आल्यावर त्यांनी मला विचारलं, काय झालं, आणि मी माल खराब म्हणालो.

“आणि ते पत्र?” मी विचारलं.

“ते लावलंच न्हाई. गाडी बंद पडली, एवढंच लिहून दिलं. लेकरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवायचं आणि आपण खोटा कागद जोडायचा, हे मला जमलं न्हाई.”

म्हणजे ती ताकीद माझी होती आणि तीन वर्षं त्यांच्या सर्व्हिस बुकात त्यांच्या नावावर होती. मला त्या वेळी खरंच लाज वाटली. मान वर होईना. मी विचारलं, मग तुमी मला बोलल्या काहून न्हाई? तोंडावर म्हणायचं, राठोड, तू खोटारडा आहेस.

त्या स्कूटरवर बसल्या, डबी डिक्कीत ठेवली, मग बोलल्या.

“मी सगळी उमर दुसऱ्यांना म्हणत आले, जरा किक मारता का. दुसऱ्यानं किक मारल्यावर चालू झालं की कसं वाटतं, मला माहीत आहे. तुमाला ती मारायची न्हाई, असं मी ठरवलं होतं. तुमचं तुमीच चालू व्हायला पाहिजे होतं.”

आणि मग जरा हसून म्हणाल्या, “तीन वर्षं लागली. सहा व्होल्टचे दिसता, भाऊ.”

शांता आत हसली. मलाही हसू आलं, पण ते काही पूर्ण हसू नव्हतं. मी म्हणालो, मॅडम, नवं पत्र लिहून देतो, खरं. त्या म्हणाल्या, आता रिटायर होऊन राहिले, ते पत्र मी दाखवू कोणाला? त्यांनी दांडा ओढला, पहिल्या ओढीला गाडी चालू झाली आणि त्या गेल्या.

ते जुनं पत्र पुढं त्यांनी मला परत पाठवलं, घडी तशीच. या दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितल्यावर मला लिहायला दुसरंही पुष्कळ होतं. पण दुकान बंद झालं तरी कोरे कागद आणि शिक्का घरी आहे, आणि एक दाखला द्यायचा राहिला आहे. तो असा:

दाखला देतो की, सदर गाडीमध्ये बसवलेला पार्ट चांगला होता. खूण मी दिली होती, कुंकू लागताना मी तिथं उभा होतो, आणि बॅटरी मी उलटी लावली. गाडीची व मॅडमची काही चूक नाही.